मागच्या सीटचं वजन

वानखडे भाऊजी माणसाला भेटले की आधी त्याचं वजन करतात. काट्यावर नाही, डोळ्यांनी. समोरच्याला खालून वर पाहायचं, मान थोडी तिरपी करायची आणि सांगून टाकायचं, "बासष्ट. चपला सोडून." माझ्या सुनेची आई पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा तिला त्यांनी दारातच "अठ्ठ्याहत्तर" म्हटलं. विहीणबाईंनी चहाला हात लावला नाही. रागावून उपयोग नव्हता. आकडा बरोबर होता.

त्यांची आमची भिंत एकच. भाऊजी मोटारींच्या कारखान्यात होते. ट्रक जोरात पळवायचा आणि थांबवायचा, ब्रेक बरोबर लागतो का पाहायचं, हेच काम जन्मभर केलं. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. यांनी जुनी लाल गाडी घेतली. रफीक मिस्त्रीकडून तिचं इंजिन असं काही करून घेतलं, की ती सुरू झाली की माझ्या मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या. मग गाडी हलकी व्हावी म्हणून ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढून टाकली.

त्यामुळे त्यांची बायको, सुमन, कायम मागे बसायची. नदीवरच्या ग्वारीघाटावर फुलं-दिवे विकणाऱ्या बाया तिला कोणा मोठ्या साहेबाची बायको समजायच्या. "मेमसाब, ड्राइवर भैया के नाम का भी दीया ले लो." सुमन गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "दे दो. गरीब आदमी है."

मग एक दिवस भाऊजी गाडीखाली शिरलेले दिसले. गाडीत एबीएस नावाचं यंत्र असतं. कचकन ब्रेक मारला तर चाकं जाम होऊ नयेत, म्हणून ते आपणच ब्रेक धरतं, सोडतं. चांगलं यंत्र आहे. माणसं वाचतात त्यानं. भाऊजींनी ते काढलं.

"चांगलं लागलेलं काहून काढून राहिले?" मी भिंतीवरून विचारलं.

"ब्रेक मी मारतो, अन् विचार हे करते. पाय कोणाचा, वहिनी?"

"तुमचा."

"मग?"

आतून सुमन ओरडली, "डोकं कोणाचं ते विचारा त्याइले!"

नळ्यांचा तो जड ठोकळा सुमननं धुऊन पुसून लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवला.

यंत्र गेलं आणि नवा ताप सुरू झाला. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम व्हायची आणि गाडीची शेपटी घसरायची. त्यावर उपाय म्हणून भाऊजींनी बोनेटखाली एक काळी टोपी बसवली. ती फिरवली की मागचा ब्रेक कमी-जास्त होतो. किती ठेवायचा, ते मागच्या सीटवर वजन किती यावर. मग त्यांनी सुमनला मागे बसवलं आणि पाटणच्या रस्त्याला एका मोकळ्या मैदानावर नेलं. गाडी पळवायची, थांबवायची, उतरून टोपी फिरवायची, परत पळवायची. सुमन मांडीवर मुरमुऱ्यांचा डबा घेऊन दिवसभर उन्हात बसली. संध्याकाळी आली ती चिडलेलीच. "मी बायको नाही, गव्हाचं पोतं आहे," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगत फिरली, "गाडीचा ब्रेक माझ्यावर लावलेला आहे."

मागच्या हिवाळ्यात सुमन गेली. छातीत दुखलं, दवाखान्यात नेली, जिवंत परत आली नाही. त्यानंतर भाऊजींना हा वजनाचा नाद लागला.

रिकामी गाडी घसरते, मागे वजन पाहिजे, म्हणून ते माणसं शोधत फिरायचे. आधी खरंच गव्हाचं पोतं ठेवलं. दोन दिवसांत उतरवलं. विचारलं तर म्हणाले, "पोतं बोलत नाही जी." मग माझी पाळी आली.

"वहिनी, शहपुऱ्याला चलता का? हवा खाऊन येऊ."

"हवा नाही, तुम्हाला माझं वजन पाहिजे."

"चौऱ्याहत्तर," ते मला पाहून म्हणाले. "एकदम बराबर."

या वयात कोणी इतक्या कौतुकानं पाहिलं तर बरं वाटायला हवं. मला नाही वाटलं. तरी चार वेळा गेले. रस्ताभर ते मागे न पाहता बोलत राहायचे. बाजारात वांगी कशी आहेत, नागपूरच्या मुलीचा फोन आला होता, भात जरा कच्चा राहिला. उत्तराची वाट पाहायचे नाहीत. मला वाटायचं, म्हातारा बडबडा झाला. मग माझे गुडघे बोलायला लागले आणि मी जाणं बंद केलं.

एका सोमवारी ते एकटेच ग्वारीघाटाला गेले. रस्त्यात वासरू आडवं आलं. भाऊजींनी ब्रेक मारला आणि गाडी गर्रकन फिरून, आली त्या दिशेला तोंड करून, फुलांच्या टेबलात शिरली. वासरू वाचलं, माणसं वाचली. गाडी झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखी उभी. फुलवाली म्हणाली, "दादा, फूल चाहिए थे तो उतर के माँग लेते!"

रात्री त्यांच्या मुलीचा मला फोन. "काकू, पप्पांकडून किल्ली घेऊन घ्या. आज टेबल होतं, उद्या माणूस असेल. नाही देत म्हणाले तर मी येते आणि गाडीच विकते."

सकाळी मी गेले. अंगणात रफीक गाडीचा मागचा पत्रा ठोकत होता. भाऊजी आत चहा करत होते. मी रफीकला विचारलं, "ये गाड़ी ऐसे ही फिसलेगी क्या?"

"नहीं अम्मा," त्यानं हातोडी खाली ठेवली. "वो काली टोपी उल्टी घुमा दो, खाली गाड़ी भी सीधी रुकेगी. एक मिनट का काम है. मैंने कितनी बार बोला. हाथ नहीं लगाने देते."

भाऊजी तीन कप घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, "टोपी काहून फिरवत नाही?"

"ते सेटिंग झालेलं आहे."

"कोणावर?"

त्यांनी कप कठड्यावर ठेवले.

"मागे आता कोणी बसत नाही, भाऊजी. सुमन मेली."

रफीकनं मान खाली घातली. मला गोड बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

"मले माहीत आहे," भाऊजी म्हणाले. "कितीदा बोनेट उघडलं. टोपीले हात लावला की वाटते, तिले उतर म्हणून राहिलो."

मी म्हटलं, "टोपी फिरवा, नाही तर किल्ली द्या. दोन्हीतलं एक."

त्यांनी बोनेट उघडलं आणि बाजूला सरकले. "तुम्ही सांगा तिले. तुमचं ऐकायची ती."

ऐकायची वगैरे काही नाही. सुमन कोणाचंच ऐकायची नाही. पण मी पदराला हात पुसला आणि टोपी धरली. घट्ट होती. जोर लावून उलटी फिरवली.

"बस?"

"अजून."

"बस?"

"अजून, वहिनी. भारी होती ती."

मग त्यांनी हात वर केला. मी थांबले.

भाऊजी एकटेच गाडीत बसले. गल्ली संपते तिथून पुढे मोकळा रस्ता आहे. रफीकनं तिथं जाऊन दोन्हीकडचं पाहून घेतलं आणि हात केला. गाडी सुसाट गेली. ब्रेक लागला. चाकं किंचाळली आणि गाडी जागच्या जागी थांबली, अगदी सरळ. शेपटी जराही हलली नाही.

"देखा अम्मा!" रफीक लांबूनच ओरडला.

गाडीचं दार उघडलं नाही. इंजिन बंद झालं, तरी भाऊजी उतरले नाहीत. रफीक त्यांच्याकडे निघाला.

मी म्हटलं, "रहने दो."