धुरपताबाईंच्या नावाने

सुनेवर ओरडायचे कसे, या एका प्रश्नाने बब्रुवान हवालदारांची ती पहाट नासली.

त्यांनी उभी हयात सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रात रंगरुटांवर ओरडण्यात घालवली होती. निवृत्त होऊन ते माकणीला परतले, तेव्हा पेन्शनीबरोबर तो आवाजही घेऊन आले आणि धरणाकडेच्या माळावर भरतीची स्वप्ने पाहणाऱ्या पोरांना पळवू लागले. धूसर उजेडात तो आवाज उठला की पाण्यावरचे बगळे आधी उडत आणि पोरे मागाहून. त्यात शिवी एकही नसे. तरी ऐकणाऱ्याला आपल्या सात पिढ्यांचा उद्धार झाल्यासारखे वाटे.

अशा त्या माळावर त्यांच्या मुलाची बायको, निकिता, बूट बांधून उभी राहिली. तिला पोलिसात जायचे होते आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच भरती होती. बाकी सगळे जमत होते. आठशे मीटर धावण्यापाशी मात्र घोडे पेंड खात होते.

"ह्या वक्ताला हुकलं तर पुन्हा न्हाय, मामा," डोक्यावरची ओढणी सारखी करत ती सासऱ्यांना म्हणाली. "पोरांवर वरडता तसंच माझ्यावर बी वरडा."

बब्रुवानांनी छाती भरून घेतली. पोरे कानांवर हात ठेवायच्या बेतात होती. आणि त्या प्रचंड छातीतून एवढेच बाहेर आले, "निकिताबाई, जरा गुडघे वर घेता का?"

कानांकडे निघालेले पोरांचे हात वाटेतच खाली आले. सासऱ्याने सुनेशी चढ्या आवाजात बोलण्याची त्या घरात रीतच नव्हती. प्यायला पाणी हवे असले तरी बब्रुवान भिंतीकडे पाहून खाकरत. निकिता धावली, पण गौरीच्या पावलांनी, अदबीने. पुढच्या पहाटे मागे रेंगाळणारी पोरेही म्हणू लागली, "उस्ताद, आमाला बी जरा अहो-जाहो करा की." वर्षानुवर्षांच्या शिस्तीला ओल आली.

उपाय धुरपताबाईंनी काढला. सुनेला सोबत म्हणून त्या रोज बांधावर मेथी निवडत बसत.

"तिच्यावर वरडवत न्हाय ना? मग माझ्यावर वरडा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लेकी बोले सुने लागे, म्हणत्यात. लेक तर आपल्याला न्हाय. मी हाय."

"तुझ्यावर?"

"लगीन झाल्यापासून तेच तर करताय. आता कामी तरी येईल."

दुसऱ्या पहाटे बगळे पूर्वीसारखे उडाले. "धुरपता, गुडघे वर. पाय हायत का मुसळं? दम कुठं ठिवून आलीस, माहेरी?"

"माहेर काढू नका," बांधावरून शांत उत्तर आले आणि मेथीची आणखी एक जुडी सुटली. पण माळाच्या पलीकडच्या टोकाला निकिताचे गुडघे वर गेले होते.

पाहता पाहता निकिता पोरांच्या बरोबरीने पळू लागली. मात्र आवाजाला वेस नसते. दूधवाल्यांच्या मोटारसायकलींवर बसून बातमी धुरपताबाईंच्या माहेरी, सास्तूरला पोचली, की हवालदाराने उतारवयात बायकोला माळावर पळवायला काढले आहे. धुरपताबाईंचे भाऊ ज्ञानोबा तडक दत्त म्हणून हजर झाले. पाहतात तो बहीण बांधावर मांडी घालून बसलेली आणि मेव्हणा तिच्यावर गरजतो आहे, "धुरपता, थांबलीस तर बघ."

"दाजी," ज्ञानोबा चाचरत म्हणाले, "ती तर बसलीया."

"बसलीया म्हणूनच वरडाय येतंय. पळणारी सून हाय."

सगळा प्रकार कळल्यावर ज्ञानोबांचा राग निवळला, कुतूहल मात्र उरले. "पर वरडावंच कशाला लागतं म्हणतो मी? गोडीनं सांगितलं तर पाय हलत न्हायत व्हय?"

बब्रुवानांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. ते पाण्याकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, रागानं कुणी वरडत न्हाय. नवीन रंगरूट येतो, तवा त्येचं मन लई बोलतं. टाच दुखती, आई आठवती, भाकर कवा मिळंल. त्या बोलण्याच्या वर आवाज लागतो. मन गप झालं की पाय आपले आपण चालतात. उद्या खऱ्या धुमाळीत तेच पाय जीव वाचवतात. अन् रात्री बराकीत कोण न जेवता निजलं, ते बी उस्तादच बघतो."

ज्ञानोबांनी बांधाकडे नजर टाकली. "मग आमच्या बहिणीचं मन गप झालं का?"

"न्हाय," बब्रुवान म्हणाले. "तेवढी ताकद फौजेत बी न्हाय."

चाचणीच्या दिवशी म्हैस व्यायला झाली होती, म्हणून धुरपताबाई घरीच राहिल्या. बब्रुवान मैदानाच्या जाळीबाहेर उभे होते. शेवटच्या वळणावर निकिताचा वेग मंदावला. मान कलली, पावले पुन्हा गौरीची झाली. शेजारच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. बब्रुवानांनी तोंड उघडले. "निकिताबाई" जिभेवर आले आणि तिथेच अवघडून बसले. ओरडायला बायको समोर नव्हती. आणि मग, मन काही सुचवण्याआधीच, सवयीने आपले काम केले.

"धुरपता, गुडघे वर."

जाळी थरथरली. बंदोबस्ताच्या शिपायाने उगाचच टोपी सरळ केली. आणि निकिता अशी सुटली, की शेवटच्या रेषेपलीकडे तिला दोघींनी धरून थांबवावे लागले.

"नाव तर निकिता लिहिलंय," छातीवरचा क्रमांक यादीशी ताडून पाहणारी पोलीस बाई म्हणाली. "मग धुरपता कोण?"

"आत्या," धापा टाकत निकिता म्हणाली. "सासूबाई माझ्या. घरी म्हशीपाशी हायत."

निवड झाली. निकिता प्रशिक्षणाला गेली आणि घर पुष्कळ दिवस रिकाम्या मैदानासारखे शांत राहिले. एका संध्याकाळी तिचा फोन आला. बब्रुवानांनी तो सर्वांना ऐकू येईल असा मधोमध ठेवला. धुरपताबाई पाटावर बसून सुपात तूर निवडत होत्या.

"बरी हायस ना, बाई?" बब्रुवानांनी भिंतीकडे पाहून विचारले.

"बरी हाय, मामा. पहिल्यांदा लई अवघड गेलं. इथल्या उस्तादबाई माझं नाव घेऊन वरडायच्या, पर पाय हलंनात. शेवटी म्या त्यांना सांगून टाकलं."

"काय सांगितलं?"

उत्तर यायच्या आत फोनमधून, दुरून, एक खणखणीत आवाज आला, "धुरपता, वेळ संपली. सावधान."

फोन बंद झाला. बब्रुवानांनी मान वळवली. नवऱ्याच्या आवाजाला उभ्या संसारात कधी न बधलेल्या धुरपताबाई पाटावरून उठून ताठ उभ्या होत्या. सूप कलंडले होते, तूर घरभर पसरली होती.

"अगं, बस की आता," बब्रुवान हळूच म्हणाले.

"गप ऱ्हावा," ओठ न हलवता धुरपताबाई म्हणाल्या. "बाईंनी अजून विश्राम म्हणलं न्हाय."