शनिवारचा धर्मपिता

डोंगरातल्या चिल्कापाम्पा गावाच्या नगरपालिकेत तीन रबरी शिक्के होते. ‘मंजूर’चा शिक्का जवळजवळ नवा होता. ‘नामंजूर’ला शाईचा थेंबही लागलेला नव्हता, मूळचे तांबूस रबर तसेच होते. तिसरा ‘विचाराधीन’. त्याची मधली अक्षरे इतकी झिजली होती की कागदावर दोन टोके उमटत आणि मध्ये एक निळसर डाग पडे. तो डाग काय म्हणतो, हे गावात सगळ्यांना वाचता येत असे.

नगराध्यक्ष एर्मोहेनेस माणूस भला. ‘नाही’ म्हणून कुणाचे मन मोडणे त्यांना जमत नसे आणि ‘हो’ म्हणण्याची छाती होत नसे. म्हणून ते ‘बघू’ म्हणत. रस्त्यात बघू, कचेरीत बघू, आणि पत्रात तेच जरा सजवून. त्यांचे प्रत्येक उत्तर ‘मोठ्या आनंदाने’ या शब्दांनी सुरू होई, मग सवडीप्रमाणे, निधीप्रमाणे, देवाच्या इच्छेप्रमाणे अशी वळणे घेत शेवटी कुठेच पोचत नसे.

बाकी सगळे असे निभावले होते. अडले होते ते आरोग्य केंद्रापाशी. प्रांताच्या सरकारने गावाला एक केंद्र आणि एक परिचारिका दिली होती. जागा तेवढी नगराध्यक्षांनी सांगायची होती. वरच्या वस्तीला केंद्र वर हवे होते, खालच्या वस्तीला खाली. एर्मोहेनेस खालच्या वस्तीतले. त्यांची आई इनोसेन्सिया तर खालच्या वस्तीची सेनापतीच. दोन वर्षे दोन्ही वस्त्या विचारत होत्या आणि दोन वर्षे साहेब बघत होते. शेवटी प्रांताहून निरोप आला: सोमवारपर्यंत जागा कळवा, नाहीतर केंद्र शेजारच्या गावाला जाईल.

त्याच आठवड्यात प्रांताने कचेरीत एक कृत्रिम बुद्धिमत्तेचा कारकून बसवला. म्हणजे संगणकातच. लोकांनी फोनवरून अर्ज पाठवायचा आणि यंत्राने साहेबांच्या भाषेत उत्तर लिहायचे. साहेबांची भाषा त्याला कळावी म्हणून सचिव नेरिदाने साहेबांची सगळी जुनी पत्रे त्याला वाचायला दिली.

“आणखी काही सूचना?” यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरबाईंनी विचारलं.

“साहेबांसारखंच लिही म्हणावं, पण थोडक्यात,” नेरिदा म्हणाली. “पाल्हाळ नको.”

“आणि साहेब, प्रत्येक उत्तर आधी तुम्ही तपासणार, की थेट पाठवायचं?”

“बघू,” साहेब म्हणाले.

यंत्रात ‘बघू’साठी चौकोन नव्हता. बाईंना संध्याकाळची बस गाठायची होती. त्यांनी ‘थेट’वर खूण केली आणि निघाल्या.

शुक्रवारी सकाळी साहेब पाव आणायला बाहेर पडले, तर खाटिकाने भर चौकात त्यांना कवटाळले.

“कोम्पाद्रे!”

पोराचा धर्मपिता झालेल्या माणसालाच पोराचा बाप अशी हाक मारतो. साहेब गोंधळले. “मी तुझा कोम्पाद्रे कधी झालो रे?”

“काल दुपारी! पोराच्या जावळाला धर्मपिता व्हा म्हणून वर्षभर मागं लागलोय. पोराच्या वेण्या कमरेला आल्या. आणि काल उत्तर आलं, मोठ्या आनंदानं, शनिवारी येतो! बायको रडलीच हो.”

पुढच्या कोपऱ्यावर शाळेच्या मुख्याध्यापिकांनी गाठले. साहेब निरोप समारंभाच्या केकचे धर्मपिता झाले होते. इकडे केकलाही धर्मपिता लागतो, खर्च त्याचा आणि मानही त्याचा. बेकरीत कळले की ते फुटबॉल संघाच्या नव्या सदऱ्यांचेही धर्मपिता आहेत. पाव न घेताच ते कचेरीत पळाले.

नेरिदा पडद्यासमोर डोके धरून बसली होती.

“साहेब, त्यानं पाल्हाळ काढून टाकलं.”

“बरं मग?”

“तुमच्या पत्रातलं पाल्हाळ काढल्यावर ‘मोठ्या आनंदानं’ एवढंच उरतं. तुंबलेल्या सगळ्या अर्जांना त्यानं तेच लिहिलंय. तुमचा रिकामा दिवस शोधला, तो निघाला शनिवार.”

साहेब मटकन खुर्चीत बसले. “केंद्राबद्दल तर काही लिहिलं नाही ना?”

नेरिदाने वाचून दाखवले. “मोठ्या आनंदाने. आरोग्य केंद्र तुमच्याच वस्तीत होईल. शनिवारी पायाभरणीला येतो.”

“कुठल्या वस्तीला लिहिलं हे?”

“दोन्ही.”



“चूक झाली म्हणून कळवून टाकू या,” नेरिदा म्हणाली. “मी लिहिते, तुम्ही फक्त सही करा.”

“खाटिकाला कळवायचं? त्याची बायको रडली म्हणे.”

“मग निदान दोन्ही वस्त्यांना तरी.”

“बघू,” साहेब म्हणाले आणि शनिवारी सगळीकडे जायला निघाले.

जावळ नीट पार पडले. साहेबांनी पहिली बट कापली, पोराने भोकाड पसरले, आणि धर्मपित्यापुढे ताट आले. भाजलेला अख्खा गिनीपिग, इकडचे मानाचे पक्वान्न, दातांसकट, खाली बटाट्यांची रास. धर्मपित्याने ताटात टाकणे म्हणजे घराचा अपमान. साहेबांनी सगळे संपवले. शाळेत केकचा पहिला तुकडा त्यांचा. तो मुख्याध्यापिकांनी कापला आणि त्यांचा हात सढळ होता. मैदानावर सदऱ्यांवर चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, शिंपडली, उरलेली साहेबांनी प्यायची होती. सोबतीला दुसरा गिनीपिग.

“साहेब, पोटावर हात ठेवून ‘नको’ म्हणा,” नेरिदा कानात कुजबुजली. “माणसं समजून घेतात.”

“अगं, पहाटेपासून रांधलंय त्यांनी.”

वरच्या वस्तीला गाडी जात नाही. चौकातून दगडी पायऱ्या निघतात त्या माथ्यापर्यंत थांबत नाहीत. साहेब दर वळणावर थांबून ‘काय छान देखावा’ म्हणत होते आणि देखाव्याकडे पाठ करून धापा टाकत होते. माथ्यावर ब्रास बँड वाजायला लागला. वस्तीच्या प्रमुख उर्सुलाबाई हसतमुखाने पुढे आल्या. त्यांच्या हातात ताट होते: जमिनीत पुरून शिजवलेले तीन तऱ्हांचे मटण, रताळी, शेंगा.

“आधी पोट, मग पायाभरणी,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं थांबलोय, आणखी चार घास थांबू.”

साहेबांनी ते चार घास खाल्ले. मग थापी हातात घेऊन दगड बसवायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

“प्रार्थना करतायत,” कुणीतरी टोपी काढून म्हणाले.

“कसली प्रार्थना! पांढरेफटक पडलेत ते!” उर्सुलाबाई ओरडल्या. “घोंगडी आणा!”

घोंगडी लगेच आली. चौघांनी न सांगता चार कोपरे धरले, उर्सुलाबाईंनी साहेबांची टोपी सांभाळली, आणि वरात पायऱ्या उतरू लागली.

“पाय पुढं नको, मेलेल्याला तसं नेतात,” मागचा म्हणाला.

म्हणून साहेब डोके पुढे करून उतरले. उतारावर त्यामुळे डोके खाली आणि पाय वर आले. दोन गिनीपिग, एक केक आणि तीन तऱ्हांचे मटण घशाशी येऊन वाट पाहत थांबले.

“इथं जपून,” उजवीकडचा म्हणाला. “दगड हलतो.”

“तुम्हाला कसं ठाऊक?” साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

“दर पावसाळ्यात कुणाला ना कुणाला नेतोच की. आम्ही चौघं ठरलेलेच आहोत. हा रुंद टप्पा दिसतो ना? उर्सुलाबाईंच्या सुनेचं बाळंतपण इथंच झालं. खाली रस्त्यापर्यंत पोचलोच नाही.”

“इथं?”

“पाऊस होता. आम्ही चौघांनी पाठ केली आणि वर घोंगडी धरली. दुसरं काय करणार?”

“बाळ?”

“बरं आहे, धावतंय आता,” उर्सुलाबाई म्हणाल्या. “तुम्हाला लिहिलं होतं मी. तुमचं उत्तरही आलं होतं. छान होतं, लांबलचक.”

साहेब आकाशाकडे बघत राहिले. 

मग खालून दुसरा बँड ऐकू आला. साहेब अजून कसे आले नाहीत म्हणून खालची वस्ती पायाभरणीचा दगड खांद्यावर घेऊन त्यांना आणायला निघाली होती. सगळ्यांत पुढे इनोसेन्सिया, एका हाताने गुडघा दाबत, दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेले ताट. घोंगडी दिसताच ती किंचाळली.

“मेला की काय माझा पोरगा?”

“मेला नाही, आजी. जास्त खाल्लंय.”

“वर खाल्लंस?” आईचा सूर लगेच बदलला. “मी घरी ताट वाढून बसले होते, आणि तू वर खाल्लंस?”

“पायाभरणी वर होती,” उर्सुलाबाई म्हणाल्या. “पत्र आहे आमच्याकडे.”

“पत्र आमच्याकडे आहे!”

दोन्हीकडून फोन निघाले. दोन्ही पत्रे मोठ्याने वाचली गेली. दोन्हीखाली साहेबांचे नाव होते. आधी एक बँड थांबला, मग दुसरा.

नेरिदा पुढे झाली. “त्याचं काय झालं, ते यंत्र—”

“थांब, नेरिदा,” साहेब म्हणाले. “यंत्रानं काही चुकीचं लिहिलं नाही. मी लिहीत होतो तेच त्यानं लिहिलं. मला उभं करा.”

त्यांना उभे केले. चौघांनी कोपरे सोडले नाहीत. वर तोंडे, खाली तोंडे, सगळी त्यांच्याकडे लागलेली. मागून कुणीतरी हळूच म्हणाले, “आता बघू म्हणणार.” एकदोघे हसले, पण त्यात कुचेष्टा नव्हती, पैज हरल्यासारखे हसू होते ते.

“हे बघ, पोरा,” इनोसेन्सियाने ताटावरचे फडके काढले. “या गुडघ्यांनी अर्धा डोंगर चढून आलेय मी. केंद्र वर झालं तर मला रोज चढायचं का? आधी घरचे दोन घास खा आणि मग सांग सगळ्यांना. खाली ना?”

ताटात गिनीपिग होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, आईच्या गुडघ्यांकडे पाहिले, मग चौघांच्या हातांतल्या घोंगडीकडे.

“नको, आई,” ते म्हणाले.

आईचे तोंड उघडेच राहिले. चिल्कापाम्पात हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. खुद्द साहेबही क्षणभर थबकले. शब्द बाहेर पडला होता आणि डोंगर जागच्या जागी होता.

“तुला खालच्या रस्त्यावरून मोटारीनं मोठ्या इस्पितळात नेईन. दर वेळी मी नेईन,” ते म्हणाले. “पण केंद्र खाली नाही, आई. केंद्र वर होणार.”