सरीच्या मापाने झोप

आमच्या शेजारचे बापू झोप तासांत मोजत नाहीत, सऱ्यांत मोजतात. सकाळी मी दूध घेऊन येतो तेव्हा ते फाटकाला टेकून उभे असतात. "काय बापू, काल झोप?" असं विचारलं की आधी आभाळाकडे बघतात, मग बोटांवर काहीतरी मोजतात आणि गंभीरपणे सांगतात, "तीन सऱ्या झाली. चौथी निम्मी भिजली आन् फुटली."

त्यांच्या रानात उसाची एक सरी पाण्याने भरायला वीस मिनिटं लागायची. त्यावरून उत्तर आपलं आपण काढायचं. मी हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं, पण निवृत्त झाल्यावर रोज सकाळी दुधाची पिशवी हातात धरून उदाहरणं सोडवावी लागतील असं काही वाटलं नव्हतं. साडेतीन सऱ्या म्हणजे एक तास दहा मिनिटं. बहात्तर वर्षांच्या माणसाला अख्ख्या रात्रीत एवढीच झोप. ऐकून आधी हसू येतं, मग येत नाही.

बापू मूळचे कृष्णाकाठच्या एका गावचे. मुलाने, संजयने, सांगलीत आमच्या कॉलनीत बंगला बांधला आणि वडिलांना उचलून आणलं. उसाला ठिबक केलं, मोटर मोबाइलवर घेतली. आता संजय जेवता जेवता डाव्या हाताने बटण दाबतो आणि तिकडे पंचवीस किलोमीटरवर पाणी सुरू होतं. "आमच्यात मोबाइल ऊस भिजवतोय," असं बापू आल्यागेल्याला सांगतात. ते कौतुक आहे की शिवी, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

भुकेला कोंडा नि निजेला धोंडा म्हणतात. बापूंना वीतभर जाडीची गादी आहे, एसी आहे, फक्त नीज तेवढी नाही. गेल्या वर्षी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते चार पायऱ्या घसरले. डॉक्टरांनी संजयला बाजूला घेऊन सांगितलं, रक्तदाब चढाच आहे, हे जागरण असंच चाललं तर पुढच्या वेळी चार पायऱ्यांवर भागायचं नाही. सूनबाई रडली. मग डोळे पुसून तिनेच मोबाइलवर झोपेची शिबिरं हुडकून काढली. डोंगरावर जायचं, हलकं जेवायचं, अंगाला तेल चोळून घ्यायचं आणि झोपायचं.

"झोपायला गाडी करून जायचं व्हय?" बापू म्हणाले. "बरं, जातो. पर मास्तर संगं पायजेत."

मास्तर म्हणजे मी. माझी लायकी एवढीच की मी आडवा झालो की संपला विषय. आमच्या लग्नाच्या रात्रीसुद्धा मी... जाऊ द्या. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, यावर बापूंचा गाढ विश्वास. त्यामुळे शिबिर कुठलंही असो, एक खोली, दोन खाटा आणि माझी खाट त्यांच्या हाताच्या अंतरावर.

पहिलं शिबिर खंडाळ्याला. आपल्या सातारच्या खंडाळ्याला, लोणावळ्याच्या शेजारच्या नव्हे. तिथे कपाळावर तेलाची धार सोडायचे. वर टांगलेलं तांब्याचं भांडं, त्याला खाली भोक, भोकात वात, आणि शेजारी धार सांभाळणारे एक मिशाळ मामा. बापू पाच मिनिटं शांत पडले. मग एक डोळा उघडून म्हणाले, "ताशी किती लिटर?"

"काका, डोळे मिटा."

"मिटतो की. पर तुमचा ड्रिपर चोंदलाय. धार डावीकडं मारतीया."

बापू उठलेच. कपाळावरून तेल ओघळतंय, कमरेला पंचा, अशा अवतारात त्यांनी भांडं उतरवलं, भोकात फुंकर मारली, वात काढून पुन्हा बसवली. चाचणी घ्यायला मामांनाच आडवं केलं. "हलू नगा. आता बगा कशी एकसारखी पडतीया." मामा नको नको म्हणत पडले आणि बघता बघता घोरायला लागले. बापू पाऊण तास भांडं धरून उभे! मी आत गेलो तर तोंडावर बोट ठेवून मला म्हणाले, "हळू. मानूस लय दमलाय."

घरी आल्यावर सूनबाईने विचारलं, "मामंजी, गुण आला का?" बापू म्हणाले, "मिशाळ मामाला आला."

दुसरं शिबिर पाचगणीच्या उतारावर. ते जरा उच्चभ्रू होतं. पायात कापडी सपाता, जेवणात उकडलेला दुधी आणि बागेतून वाहणारा एक बनवलेला ओढा. खालच्या हौदातलं पाणी पंपाने वर चढवायचं, ते गुळगुळीत गोट्यांवरून खळखळत पुन्हा हौदात. त्या आवाजाने म्हणे मेंदू सैल पडतो. माझा लगेच पडला.

आता विचार करा, ज्या माणसाने हयातभर रात्री उसाला पाणी पाजलं, त्याच्या कानाशी रात्रभर पाणी खळखळतंय. त्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच, कुठेतरी पाट फुटलाय. बापू अर्धा तास सोसत पडले. मग उठले, माळ्याचं फावडं शोधलं आणि ओढ्याचा काठ फोडून पाण्याला गुलाबाच्या वाफ्यांकडे दार मोडून दिलं.

सकाळी ओढा कोरडा ठणठणीत. हौद रिकामा, पंप गरम होऊन बंद पडलेला आणि गुलाब घोटाभर पाण्यात. बापू काठावर फावडं टेकून उभे, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. इतका समाधानी चेहरा मी त्यांचा सांगलीत कधी पाहिला नव्हता. मॅनेजर धावत आला.

"काका, अहो हे काय केलंत? तो आवाज झोपेसाठी होता."

"आवं, पानी रातभर त्याच त्या दगडावरनं फिरतंय. भिजवतंय काय? दगूड? आन् हितं गुलाब वाळल्यात."

"पण बाकीच्या पाहुण्यांची झोप!"

तेवढ्यात पुण्याच्या एक बाई व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "तो नळ कोणी बंद केला हो? चार दिवसांत पहिल्यांदा डोळा लागला." आम्हाला मात्र दोन दिवस आधीच घरी पाठवलं. गाडीत बसताना माळी हळूच येऊन बापूंच्या पाया पडून गेला.

हसून हसून आमच्या कॉलनीचं पोट दुखलं. संजय हसला नाही. बापूंचं वजन उतरत होतं, भरल्या ताटावर मान कलंडत होती. त्याने निक्षून सांगितलं, "बापू, आता शेवटचं शिबिर. हे लागू पडलं नाही तर डॉक्टर म्हणतील त्या गोळ्या." बापूंना गोळीची धास्ती. "ती झोप न्हवं, बेसुदी," म्हणायचे. "मानसाला हाक मारली तर ओ देता आली पायजे."

तिसरं शिबिर पाटणच्या बाजूला, कोयनेच्या खोऱ्यात. साधी कौलारू घरं, नाचणीची भाकरी, आणि एक तरुण डॉक्टरीणबाई. आल्या संध्याकाळीच त्यांनी फॉर्म काढला. चहा किती वेळा, तंबाखू आहे का, मोबाइल किती वेळ बघता, सगळं लिहून घेतलं. बापू तोंडपाठ उत्तरं देत होते, दोन शिबिरांचा अनुभव होता. मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बापू, शेवटची गाढ झोप तुम्हाला कधी लागली होती? आणि कुठे?"

बापू उठले आणि टोपी टेबलावरच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी टोपी घेऊन मागोमाग गेलो.

"रानात," टोपी डोक्यावर घालत ते म्हणाले. "बांधावर. शेतीला लाईट रातची असायची. मी आन् माझा धाकटा भाऊ तात्या. एकानं दारं धरायची, पानी सरीसरीला वळवायचं, दुसऱ्यानं बांधावर पोतं टाकून पडायचं. चार सऱ्या झाल्या की बदली. खाली ढेकळं, वर डास, आन् मी मेल्यावानी झोपायचो. का म्हनाल? तात्या जागा हाय. पानी फुटलं, तो बघंल. सापजनावर निघालं, तो बघंल. मला कशाची काळजी?"

तात्या दोन वर्षांपूर्वी गेले, आणि बापूंची झोपही तेव्हापासूनच उडाली होती. मी त्यांच्या दहाव्याला गेलो होतो, बापूंच्या शेजारी बसलो होतो. पण दोन आणि दोन चार हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आता डोळा मिटला की वाटतं, कुनीच जागं न्हाई," बापू म्हणाले. "संजय झोपलाय. सून झोपलीया. तुमी तर काय, पडला की गेला. मग कुनीतरी जागं ऱ्हायला नको, मास्तर?"

मला माझीच लाज वाटली. हा माणूस सोबतीसाठी मला डोंगरोडोंगरी घेऊन हिंडला आणि मी त्याच्या उशाशी घोरत पडलो.

त्या रात्री मी माझी खाट सोडली आणि खुर्ची दारात ओढली. "बापू, पडा तुम्ही. मी जागा आहे."

"उगं काय तरी. तुमाला जमायचं न्हाई."

"जमेल. पडा."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग भिंतीकडे तोंड करून पडले. मी दोनदा गार पाण्याने तोंड धुतलं, मांडीला चिमटे काढले, मग शाळेतले पाढे सुरू केले. एकोणतीस झाले, मग पावकी, निमकी. औटकीवर, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यावर, आलो तोवर बापूंचं घोरणं सुरू झालं होतं. कौलं हलतील असं घोरणं. मी पाढे थांबवले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते काही झोपेचं नव्हतं.

बापू उठले तेव्हा समोरच्या डोंगरावर ऊन आलं होतं. त्यांनी उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी झोपला न्हाईसा?"

"नाही."

ते गादीवरून खाली उतरले. चादर झटकली, माझा दंड धरून मला खुर्चीतून उठवलं, आपल्या ऊबदार गादीवर बसवलं आणि खुर्ची माझ्या उशाशी ओढून तीत बसले.

"पडा आता, मास्तर," ते म्हणाले. "मी जागा हाय."