डेल्मर स्टकीसाठी वकील पाहिजे

ज्या देशात कायद्याचं राज्य असतं, तिथे कोणताही नागरिक इतका क्षुल्लक नसतो की साऱ्या देशाने मिळून त्याच्यावर खटला भरू नये. आमच्या प्रूएट बेंड गावातल्या डेल्मर स्टकीला हा मान गेल्या वसंतात मिळाला. कागदावर स्वच्छ छापलं होतं: 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध डेल्मर स्टकी'. एका बाजूला पन्नास राज्यं, आरमार आणि टपाल खातं. दुसऱ्या बाजूला डेल्मर, जो शाळेच्या बस दुरुस्त करतो. (काटेकोर पाहिलं तर त्याची बायको विल्डा हीसुद्धा फिर्यादी पक्षातच मोडते. तरीही ती त्याला दोन्ही वेळा जेवायला वाढत राहिली, हे नियमात बसतं का यावर आमच्यात अजून एकमत नाही.)

आरोप साधा होता. आमच्या नदीत स्पूनबिल नावाचा लांब चोचीचा मासा मिळतो. तो पकडायला परवानगी आहे, खायला आहे, त्याला छातीशी धरून फोटो काढायलाही आहे. फक्त त्याची काळी गाबोळी विकायची नाही, आणि विकायला राज्याची हद्द ओलांडली की गुन्हा थेट केंद्र सरकारचा होतो. मोठ्या शहरांतले लोक ही गाबोळी चमचाभर तोंडात घेऊन डोळे मिटतात. आम्ही ती कुत्र्याला घालतो, आणि कुत्राही दर वेळी खातोच असं नाही. डेल्मरच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये या गाबोळीचे डबे सापडले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

'सापडले' हा शब्द सरकारी आहे. प्रत्यक्षात दोन केंद्रीय अधिकारी सकाळी दारात आले, तेव्हा विल्डाने त्यांना पीकन पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, वाढला.

"बसा ना, उभ्या उभ्या काय बोलायचं? कालचाच आहे, पण बरा झालाय."

"आम्ही जरा फ्रीजर बघितला तर चालेल का?" थोरल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"बघा की! त्यात विचारायचं काय?" असं म्हणून डेल्मरने स्वतःच झाकण उघडून धरलं.

"फ्रीजर कुणाचा?"

"माझाच की, साहेब."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. पुढे कोर्टात याच वाक्याला 'आरोपीचा कबुलीजबाब, भाग पहिला' म्हटलं गेलं. आमच्याकडे फ्रीजर एकाच्या घरी असतो आणि त्यात हरणाचं मांस, मटार आणि मेलेली आमिषं साऱ्या आळीची असतात, हे त्या अधिकाऱ्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो गोड पाय मात्र त्यांना आवडला. धाकट्याने तर दोनदा मागून घेतला.

आता वकील शोधणं आलं. हे काम कोपऱ्यावरच्या खानावळीतल्या मागच्या टेबलाने अंगावर घेतलं. त्या टेबलाला रोज सकाळी चौघे कॉफी पितात आणि देशाचे प्रश्न सोडवतात. मी त्यांपैकी एक. आमची निवडपद्धत शास्त्रशुद्ध होती. वकिलाचा आवाज मोठा हवा, बूट चकचकीत हवेत, आणि त्याने निदान एकदा तरी कुणाला तरी कशातून तरी सोडवलेलं हवं.

पहिली निवड हायवेवरच्या फलकावरच्या वकिलाची झाली. फलकावर तो हातात मुष्टियुद्धाचे मोजे घालून उभा आहे, त्यामुळे तो भांडणार हे नक्की होतं. डेल्मरने फोन लावला. पलीकडच्या बाईने पहिलाच प्रश्न केला, "कुठं लागलंय तुम्हाला?" डेल्मर पडला सरळ माणूस. तो म्हणाला, "खांदा जरा दुखतो बघा, बसखाली वाकून वाकून." अपघाताची भरपाई मिळवून देणारी कचेरी ती; खांद्याची केस त्यांनी तिथल्या तिथे स्वीकारली. गाबोळीचं ऐकल्यावर म्हणाले, मासा अंगावर पडला असेल तर बघता येईल.

दुसरा ऑरिन टब्ज, आमचा गावचा वकील. मृत्युपत्रं, घटस्फोट आणि कुंपणाचे तंटे यांत त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. त्याने कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"डेल्मर, बाबा रे, तुझा बोकड शेजारच्या मक्यात शिरला तर मी आहेच. पण हे केंद्र सरकार आहे. त्यांच्या कोर्टाच्या इमारतीत मी एकदाच गेलो होतो, तेही लघवीला."

तिसरा सापडला कॅन्सस सिटीत. प्रेस्कॉट लँडिस. हा माणूस पूर्वी सरकारच्याच बाजूने खटले लढवायचा, आणि पंधरा वर्षं लोकांना तुरुंगात धाडल्यावर आता त्यांना बाहेर ठेवण्याचे पैसे घेतो. दोन्ही दिशांचा अनुभव असलेला माणूस आमच्या टेबलाला एकमताने पसंत पडला. (मतदानाच्या वेळी एक सभासद बाथरूममध्ये होता. त्याचं मत आम्ही धरून टाकलं.)

लँडिसच्या कचेरीत जाड गालिचा होता. डेल्मर खुर्चीच्या कडेवर बसला आणि महिनाभर साठलेलं एकदाचं बोलायला लागला.

"त्याचं काय झालं साहेब, ते डबे..."

"थांबा!" लँडिसने हात वर केला. "काय झालं ते मला सांगू नका. एकदा मला खरं कळलं, की मग कोर्टात त्याच्या विरुद्ध काही बोलता येत नाही. त्यांच्याकडे काय आहे, तेवढंच मला बघायचंय. आणि आजपासून कुणाशीही बोलायचं नाही. बायकोशीसुद्धा हवापाण्यापुरतंच."

इतका धोरणी माणूस आम्ही आयुष्यात पाहिला नव्हता. ऑरिनला पन्नास गोष्टी विचाराव्या लागतात. याला काहीच विचारावं लागत नव्हतं.

त्याच्या फीसाठी गावाने चर्चच्या अंगणात जेवण ठेवलं. पैसे भरून माणशी एक ताट, तळलेला मासा, मक्याची भजी, कोबीची कोशिंबीर. मासा अर्थातच स्पूनबिल. ते दोघे अधिकारीही रांगेत होते, कारण त्या भागात दुपारी दुसरं काही उघडं नसतं. डेल्मरने त्यांना वकिलाच्या सूचनेनुसार एक शब्दही न बोलता दोन भजी जास्त वाढली. पुढच्या आठवड्यात ताटाचा फोटो खटल्याच्या कागदांत सामील झाला: 'आरोपी माशांच्या व्यवहारात अद्याप सक्रिय'.

मग लँडिसने हिशेब मांडला. केंद्रीय खटल्यांत शंभरातले नव्वदाहून जास्त लोक गुन्हा कबूल करतात. उरलेले लढतात, आणि त्यांतले बहुतेक हरतात. लढून हरलात तर पाच वर्षं. कबूल केलंत तर वर्ष-दीड वर्ष, पश्चात्ताप चांगला जमला तर त्याहून कमी.

"आणि लढून जिंकलं तर?" विल्डाने विचारलं.

"तसंही होतं," लँडिस म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

विल्डा परतीच्या वाटेवर गाडीत रडली. डेल्मरची आई ओपल अठ्ठ्याऐंशी वर्षांची. डेल्मर दर रविवारी तिला उचलून गाडीत बसवतो आणि नदीवर नेतो. दुसऱ्या कुणी उचललं की ती ओरडते. "वर्षभर मी ढकलेन काहीतरी कारण सांगून," विल्डा म्हणाली. "पाच वर्षं ती थांबायची नाही रे." डेल्मर काही बोलला नाही. त्याला बोलायची बंदी होती. मागच्या सीटवर मी होतो, आणि मला फार वाईट वाटलं हे इथे नमूद करतो.

पश्चात्तापाची तालीम खानावळीतच झाली. वाढणारी ट्वायला न्यायाधीश झाली.

"गुन्हा कबूल?"

"होय, बाईसाहेब."

"अरे, कॉफी मागवल्यासारखं काय म्हणतोस! मान खाली घाल. अजून. हां, आता झालास गुन्हेगार."

तिसऱ्या दिवशी डेल्मर इतका उत्तम पस्तावू लागला, की परगावच्या दोन गिऱ्हाइकांनी खुर्च्या लांब सरकवल्या.

कोर्टात आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून गेलो. ओपलला चाकाच्या खुर्चीत पुढे बसवलं होतं. न्यायाधीशबाई भल्या होत्या. त्यांनी डेल्मरला शपथ दिली आणि ठरलेले प्रश्न एकेक करून विचारले. लिहिता-वाचता येतं का? काही औषध घेतलंय का? कुणी धमकावलंय का? वकिलावर समाधानी आहात का? ("फार," डेल्मर म्हणाला.) मग कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं,

"आणि तुम्ही गुन्हा कबूल करताय, तो खरोखर केलाय म्हणूनच ना?"

डेल्मरने मान वर केली. तालमीत हे नव्हतं. वसंतापासून पानगळीपर्यंत हा प्रश्न त्याला कुणी म्हणजे कुणीच विचारला नव्हता. त्याचा चेहरा एकदम उजळला, तोंड उघडलं, हातही थोडा उचलला गेला. लँडिसने पेनाचं टोपण टेबलावर हलकेच वाजवलं. डेल्मरने मागे वळून आईकडे पाहिलं. ती झोपली होती.

"होय, बाईसाहेब," तो म्हणाला.

साऱ्या कोर्टाने श्वास सोडला. शिक्षा सुनावताना न्यायाधीशबाईंनी त्याच्या प्रामाणिकपणाची मुद्दाम तारीफ केली आणि त्यापोटी काही महिने वजा केले. लँडिसने आमच्या सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. त्याने काम चोख केलं होतं, आणि तुम्हाला असा प्रसंग आला तर मी त्याचंच नाव सुचवेन.

शपथेवर न्यायाधीशासमोर खोटं बोलणं हाही आमच्याकडे केंद्रीय गुन्हाच आहे, त्यालाही पाच वर्षांपर्यंत शिक्षा. डेल्मरने उभ्या आयुष्यात केलेला तो एकच गुन्हा, आणि त्याबद्दल त्याला कुणी धरलं नाही.

म्हणजे ते डबे त्याचे नव्हतेच, असं आता तुम्ही विचाराल. वकील निवडताना तुम्ही आमच्या टेबलाला होतात, मासा खाल्लात, तालीम पाहिलीत, पुढच्या बाकावर बसून निकालही ऐकलात, आणि हे आत्ता विचारताय. हरकत नाही. तुमच्यात चांगल्या वकिलाचे सगळे गुण आहेत.