अख्ख्या रस्त्याला एक हार

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या शहरातला एक रस्ता डोळ्यांपुढे आणा. ट्राम घंटा वाजवत चालली आहे. टांग्याचा घोडा थेट फुगेवाल्याच्या अंगावर आला आहे. एका गृहस्थाची टोपी उडाली आहे, टोपीमागे गृहस्थ, गृहस्थामागे कुत्रं. दिसलं?

लाकडी ठशावरून छापलेलं हे जुनं चित्र शुभांगीताईंनी मला ओसरीवरच्या रविवारच्या वर्गापुरतं दिलं. आमच्या कोळवण गावात त्यांचं फार्महाऊस आहे. "मुलं यावर बोलली तर चित्र तुमच्याकडेच राहू दे, गुरुजी. नाही बोलली तर संध्याकाळी परत नेते."

"बोलली तर?" मी म्हणालो. "तुम्हालाच कानात बोळे घालावे लागतील!"

चित्र ओसरीवर टांगून मी मुलांना बोलवायला गेलो. परत येतो तो काय! काचेवर कुंकू, चौकटीला झेंडूचा जाडजूड हार, खाली उदबत्ती. आणि शेजारचे हैबतराव टोपी काढून बसलेले.

"लई वाईट झालं, गुरुजी. कवा गेले?"

"कोण?"

"हे समदे. एकाच गाडीत व्हते का?"

मी थोरल्या बहिणीला हाक मारली. गोजराआक्का परसातून आली.

"आक्का, हार कशाला घातलास?"

"काळा-पांढरा फोटू, वर काच. यातलं कोन जित्तं हाय का आता?"

"कसं असेल? इतकी वर्षं झाली."

"मग? बिनहाराचं ठिवायचं व्हय?"

मी हाराला हात घातला.

"खबरदार, बाळ्या! सुकल्याबिगर हार काढायचा न्हाई."

बाळ्या म्हणजे मी. सत्तरी ओलांडलेला.

तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या तुकाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही ना! मागून आणखी दोघी आल्या, त्या पदर डोळ्यांना लावूनच. पण मी धडा सोडणार नव्हतो. मुलांना समोर बसवलं. मोठ्यांकडे बघून त्यांनीही माना खाली घातल्या.

"वर बघा. चित्रात काय दिसतंय?"

माना जेमतेम वर झाल्या. शेवटी साहिल कुजबुजला, "झेंडू."

फाटकात शुभांगीताईंची जीप थांबली. चित्र चाललं, हे मी ओळखलं.

तोच किमया उठली. वर्षभर माझ्या वर्गात बसते, पण तोंडातून शब्द नाही. तिने हाराचं टोक उचलून आत डोकावलं.

"टोपी पळतीया."

"काय?"

"मानसाची टोपी. कुत्रं मागं लागलंय. फुडचं हाराखाली गेलंय."

"कुटं? मला बघू दे की!" साहिल पुढे सरकला. मग सगळी पोरं चित्राला भिडली. हैबतरावांनी टोपी चढवली आणि निकाल दिला, "टांगेवाल्याची चूक हाय."

दिसेना म्हणून किमयाने हार सरळ उतरवला.

"आता काढलाच हाय तर भुईवर ठिवू नगंस," आक्का ओरडली, "पायाखाली यील!"

किमयाने इकडेतिकडे पाहिलं. खुंटी दिसेना. तिने हार माझ्या गळ्यात घातला. मग चित्रावर धूर येतोय म्हणून उदबत्तीही उचलली, आणि माझ्यासमोर नीट लावून ठेवली.