मालनचं मौन आणि मानसीची गाडी

शनिवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला आणि मालन तावडेनं तो सवयीनं उचलला. कानाला लावल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज आपल्याला ‘हॅलो’ म्हणता येत नाही.

“हॅलो, मानसीची मम्मी ना? मी ऑस्टिन,” मानसीच्या डर्ट बाइकच्या क्लासचे सर पलीकडून म्हणाले. “आज गाडी घ्यायला जाताय ना? नीट ऐका. पन्नास सीसीची तिला आता लहान पडते, मधल्या मापाची पायजे. पण मधली म्हणजे मधलीच हां! सीटवर सरळ बसवा. दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीला टेकले पायजेत. पाय लटकले, तर उद्या ट्रायलला मी तिला ट्रॅकवर सोडणार नाय. क्लासमधल्या रूथला घेतलंय, आता टीममध्ये एकच जागा आहे. ती मग दुसऱ्या कोणाला तरी जाणार. काय?”

मालननं जोरजोरात मान डोलावली.

“हॅलो? मम्मी? ऐकताय ना?”

मान फोनवर दिसत नाही हे तिला उशिरा सुचलं. तिनं मनगट फोनजवळ नेलं आणि बांगड्या वाजवल्या.

“हा, बांगड्या आल्या ऐकू. थँक्यू, गॉड ब्लेस!”

मानसी बारा वर्षांची. नायगावच्या पुढे एका माळावर मातीचे उंचवटे घालून केलेला ट्रॅक होता, तिथं ती दर रविवारी क्लासच्या गाडीवर शिकायची. पहिल्यांदा ती गाडीसकट हवेत उडाली, तेव्हा कुंपणाबाहेर उभी असलेली मालन अशी किंचाळली, की ट्रॅकवरच्या बाकीच्या चारही मुलांनी करकचून ब्रेक दाबले होते. त्याच संध्याकाळी ती चारकोपच्या मारुतीसमोर हात जोडून उभी राहिली. पोरीचं हाडन्‌हाड शाबूत ठेव, मी अकरा शनिवार उजाडल्यापासून सूर्य मावळेपर्यंत तोंड उघडणार नाही. आईनं बोलणं सोडावं आणि पोरीनं पडणं सोडावं, असा तो सरळ करार होता. आजवर आठ शनिवार तो दोन्ही बाजूंनी पाळला गेला होता.

मौनाचे नियम तिला देवळात कीर्तन करणाऱ्या सुनंदाताईंनी सांगितले होते. बोलायचं नाही, तसं लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे बोटांनी बोलणं. हातवारे चालतील, नाहीतर संसार कसा चालायचा? मालनचा नवरा नितेश यानं तेव्हा विचारलं होतं, “आणि मोबाइलवर ते अंगठ्याचं चित्र पाठवलं तर?” मालननं त्यावर आठवडाभर विचार केला आणि तेही वर्ज्य ठरवलं. देवाशी वाद कशाला!

हातवारे चालत होते खरे, पण ते नितेशला कळत नव्हते. तिसऱ्या शनिवारी तिनं दोन्ही हातांनी गोल करून, तो फोडल्याची आणि खवल्याची खूण केली. त्यानं खाली जाऊन दिव्याचा बल्ब आणला. तेव्हापासून शनिवारची दुभाषी मानसी. आईच्या भुवईवरून तिला मीठ कमी की जास्त ते कळायचं. “आई म्हणते, दूध अर्धा लिटरच.” “आई म्हणते, पप्पा, ओला टॉवेल पलंगावरून उचला.” तिचं भाषांतर इतकं बिनचूक असायचं, की मालनला कधीकधी वाटे, आपण उगीचच इतकी वर्षं बोलत आलो.

नितेश आंघोळ करून बाहेर आला तशी मालन त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं कानाला फोन लावल्याची खूण केली, शिट्टी फुंकल्यासारखे गाल फुगवले, मग दोन्ही टाचा उचलून चवडे जमिनीवर टेकवून दाखवले.

“मानशे, काय गं म्हणते आई?”

मानसी ब्रश तोंडात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ब्रश बाहेर काढून ती म्हणाली, “सरांचा फोन होता. उद्या वेळेवर या म्हणाले.”

मालननं जोरात मान हलवली. पुन्हा चवडे टेकवले.

“आणि धावत या म्हणाले,” मानसीनं पूर्ण केलं आणि ती चूळ भरायला आत गेली.

पोरगी झोपेत असेल, असं मालनला वाटलं. आईच्या मनाला दुसरं काय वाटणार?

नितेश चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. शनिवारी त्याला अर्धा दिवस. जेवण उरकून तिघं रिक्षानं बोरिवलीला निघाली. रिक्षात नितेश एकदम खुशीत होता.

“गाडी घ्यायची तर वाढत्या अंगाची घ्यायची,” तो म्हणाला. “माझ्या बापानं मला पाचवीत जी चड्डी घेतली ना, ती मी आठवीपर्यंत घातली. पाचवीत नाडी बांधून, आठवीत श्वास धरून. पण टिकली!”

“बरोबर पप्पा,” मानसी लगेच म्हणाली. एरवी चड्डीची गोष्ट सुरू झाली की ती कानात हेडफोन घालायची.

मालननं लेकीकडे पाहिलं. लेक रिक्षाबाहेर बघू लागली. आणि मालनला एकदम उमगलं. सकाळी फोन मोठ्या आवाजावर होता. मानसीनं सगळं ऐकलं होतं. हिला सगळं कळतंय!

दुकान हायवेच्या सर्व्हिस रोडला होतं. मालक बाळा राणे, मूळचे कणकवलीकडचे, पोट आणि हसू दोन्ही मोठं. त्यांनी दोन गाड्या पुढे काढल्या. एक निळी, एकशेदहाची, बुटकी आणि गुबगुबीत. दुसरी लाल, एकशेपंचवीसची, उंच, मोठ्या चाकांची.

“दोन्ही मुलांच्याच. पण पोरीक बसवन बघा, मगे ठरवा,” बाळाशेठ म्हणाले.

मानसीनं निळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लाल गाडीवर ती माकडासारखी चढली. सरळ बसल्यावर तिचे दोन्ही पाय हवेत लोंबकळले. लगेच तिनं ढुंगण डावीकडे सरकवलं आणि डावा पाय टेकवला.

“टेकला की!” नितेश म्हणाला. “झकास!”

मालननं पुढे होऊन उजव्या पायाकडे बोट दाखवलं. मानसी उजवीकडे सरकली.

“हाही टेकला! आणि काय पाहिजे?”

मालननं दोन बोटं दाखवली, ती जवळ आणली, दोन्ही एकाच वेळी जमिनीकडे नेली. तळहात खाली दाबून ‘बुटकी, बुटकी घ्या’ म्हणून सांगितलं.

“वैनी काय म्हणतत?” बाळाशेठनी कुतूहलानं विचारलं.

“तिचं मौन आहे,” नितेश म्हणाला. “मानशे, सांग.”

मानसीनं आईच्या खाली वळलेल्या तळहाताकडे पाहिलं. “आई म्हणते, माझा आशीर्वाद आहे.”

“वा!” बाळाशेठनी चक्क हात जोडले.

मालन खाली वाकली आणि लेकीच्या बुटांच्या टोकापासून फरशीपर्यंतची जागा वीतभर मोजून दाखवली.

“आई म्हणते, बूट पण घ्या. जाड तळाचे.”

जाड तळाचे बूट आले. मालननं ‘नाही, नाही’ म्हणून दोन्ही हात हलवले.

“हातमोजे पण म्हणते.”

हातमोजे आले. मालननं कळवळून छातीवर हाताची फुली केली.

“छातीचं ते कडक जॅकेट असतं ना, ते!”

तेही आलं. मालननं कपाळावर हात मारून घेतला, आणि मानसीनं तोंड उघडायच्या आत बाळाशेठ स्वतःच हेल्मेट घेऊन आले. “ह्या माका पण समाजला,” ते अभिमानानं म्हणाले.

“आज काय सुटलीय मालन!” नितेश कौतुकानं बघत राहिला. “एरवी भाजीत एक टोमॅटो जास्त पडला तर बोलते. पोरीसाठी मात्र बघा!”

मालनला रडावं की हसावं कळेना. ती हात हलवेल तितकं सामान वाढत होतं. तिनं हात पदराखाली घेतले, तर मानसी म्हणाली, “आई म्हणते, आता पुरे, पॅक करा.” तिनं घाईनं बाहेर काढले, तर बाळाशेठ म्हणाले, “पूजेचा ताट होया काय वैनी? आसा, आसा! नव्या गाडयेक मी तसा सोडणंय नाय.”

बघता बघता लाल गाडीच्या हँडलला झेंडूचा हार पडला. चाकाखाली लिंबं ठेवली गेली. नितेश नारळ हातात घेऊन फोडायला दगड शोधू लागला. हेल्मेट, जॅकेट, मोजे, बूट चढवलेली मानसी सीटवर आलटून पालटून डावीउजवीकडे सरकत होती. आणि बाळाशेठनी तबक मालनच्या हातात दिलं.

“लावा वैनी कुंकू. घरच्या लक्ष्मीच्या हातान.”

मालन तबक घेऊन उभी राहिली. कुंकू लागलं की गाडी घरची झाली. कुंकू लावलेली वस्तू परत करणं तिच्याच्यानं होणार नव्हतं, हे मानसीलाही पक्कं ठाऊक होतं. उद्या पोरगी नवी कोरी गाडी घेऊन ट्रॅकच्या कुंपणाशी उभी राहणार आणि सर तिला आत घेणार नाहीत. सहा महिने ती ज्या जागेसाठी पहाटे उठली, ती जागा तिच्या डोळ्यांदेखत जाणार. एक शब्द बोललं की सगळं थांबलं असतं. तो शब्द मालनच्या ओठांपर्यंत आला. आणि तिला तो करार आठवला. वचन मोडलं तर मोडलं, पण पोरीची हाडं?

तिनं तबक काउंटरवर ठेवलं. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर जाऊन बसली. हात मांडीवर एकात एक ठेवले आणि डोळे मिटले.

“आता काय म्हणते?” नितेशनं विचारलं.

मानसीनं आईकडे पाहिलं. हात हलत नव्हते. भुवई हलत नव्हती. “आई म्हणते...” ती थांबली. “काही नाही म्हणत.”

“म्हणजे लावू का मी कुंकू?”

“थांबा ना पप्पा.”

दोन मिनिटं गेली. बाळाशेठनी पंख्याचा वेग उगाच कमी केला. नितेशनं नारळ या हातातून त्या हातात घेतला. मालन तशीच. मारुतीचं नाव घेत होती म्हणा, की नुसतीच दमली होती म्हणा, पण आठ शनिवारांत तिनं धरलं नव्हतं असं मौन ती आता धरून बसली होती.

“आई,” हेल्मेटच्या आतून आवाज आला. “हात हलव ना.”

मालननं डोळेही उघडले नाहीत.

“भुवई तरी हलव. आई, ए आई! ओरड तरी ना गं!” मानसीनं हेल्मेट ओढून काढलं. नाक लाल झालं होतं. “बरं, सांगते! पप्पा, नाही टेकत माझे पाय. दोन्ही एकदम नाहीच टेकत. सर सकाळी फोनवर म्हणाले, लटकले तर घेणार नाही. आई सकाळपासून तेच सांगतेय. मला सगळं कळत होतं.”

नितेशचं तोंड उघडंच राहिलं. “अगं कार्टे! मग बोलली का नाहीस?”

“रूथकडे लाल गाडीच आहे. तिच्या भावाची निळी आहे, तिला ती बाळगाडी म्हणते. मला वाटलं, जमेल कसंतरी.”

“आणि तो आशीर्वाद?”

“तो... ते आई ‘बुटकी घ्या’ म्हणत होती.”

बाळाशेठ इतके हसले, की त्यांना काउंटरला धरावं लागलं. मग त्यांनी स्वतःच हार काढून निळीला घातला, लिंबं निळीच्या चाकाखाली सरकवली. “ये गो बाय. बस.”

मानसी उतरली, निळीवर बसली. सरळ बसली. दोन्ही चवडे एकदम फरशीला टेकले, ठप्प. तिनं गाडी पायांनी पुढे ढकलली, मागे घेतली, जागच्या जागी दोनदा उसळली. गाडी तिच्याबरोबर उसळली, जशी तिच्याच अंगाची असावी. मानसीच्या चेहऱ्यावर नको नको म्हणतानाही हसू पसरलं.

“पप्पा, ही वळेल पण पटकन!”

“पण वाढत्या अंगाची...” नितेश पुटपुटला आणि बायकोकडे बघत त्यानं पाकीट काढलं.

मालननं डोळे उघडले होते. तिनं उठून निळ्या गाडीला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, लेकीच्याही कपाळाला बोट टेकवलं. दगड न सापडल्यामुळे नारळ दुकानाच्या पायरीवर फुटला. मग मालन लेकीसमोर उभी राहिली. पोटावर हात ठेवला, बोटं तोंडाजवळ नेली, आणि अंगठ्यानं रस्त्यापलीकडे दाखवलं. पोरगी सकाळपासून धड जेवली नव्हती. समोरच्या हॉटेलात गरम बटाटेवडे निघत होते. चल, खाऊन घेऊ, एवढंच.

“काय म्हणते?” नितेशनं दबकत विचारलं.

मानसीनं मान खाली घातली. आता खोटं बोलायचं नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं, आणि अपराधी मनाला त्या खुणेत शिक्षाच दिसत होती. “आई म्हणते, महिनाभर मोबाइल नाही. माझं ताट मीच घासायचं. आणि रोज सकाळी तिच्याबरोबर देवळात यायचं.”

“एवढं सगळं?”

“हो. आणि तुम्हाला म्हणते, घरी चला, मग बोलते.”

नितेशचा चेहरा पडला. “मी काय केलं? मला तर काही कळतच नव्हतं!”

“तेच म्हणते ती.”

मालननं खूण दुरुस्त करायला हात उचलला. पोरीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. दोघं इतकी शहाण्यासारखी उभी तिनं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिनं हात हळूच खाली घेतला, पदर सारखा केला आणि वड्याच्या दिशेनं चालू लागली. सूर्य मावळायला अजून तीन तास होते.