किसनमामांचे लोणीफळ

आमचे शेजारी किसनमामा, साऱ्या मोहल्ल्याचेच मामा, कुणालाही भेटले की आधी अंगठ्याने त्याचा दंड दाबून बघत. राम राम नंतर. मी नागपुराहून बी.ए. होऊन गोंदियाला परतलो, आमच्या घराण्यातला पहिला. मोहल्ल्याने हार घातले. मामांनी दंड दाबला आणि आंबा पेंढ्यात पिकत घालावा तसा निकाल दिला, "कच्चा आहे. तनसात ठेवा अजून."

ही खोड राइस मिलमधली. उकडलेला धान आवारात वाळत पडला, की तो कांडण्याजोगा झाला का, हे मामा दाणा अंगठ्याखाली रगडून सांगत. नोकरी सुटली, अंगठा राहिला. आंबे, वांगी, कुणाचा नवा जावई, काही म्हणून सुटत नसे. बाजारात भाजीवाली ओरडे, "ऐ बुड्ढे, लेना है तो लो, दबाओ मत!" मामा शांतपणे म्हणत, "बाई, मी वांग्याले विचारून राहिलो, तुले नाही."

मामी कधीच वारल्या होत्या. एकुलती लेक यशोदा बंगलोरला, जावई पलटणीत. दर पावसाळ्यात सुट्टीवर निघालेल्या एखाद्या शिपायाच्या हाती ती पिशवीभर हिरवी, दगडासारखी फळे पाठवी. तिकडे त्यांना बटरफ्रूट म्हणतात. मामांनी त्याचे लोणीफळ केले. पहिल्या वर्षी त्यांनी ते भाजी समजून तेलात परतले. इतके कडू झाले, की आमच्या घरी तीन माणसांनी एकदम पाणी मागितले. पुढच्या वर्षी शिपायाने निरोप सांगितला: विस्तव दाखवू नका. पिकू द्या, मग कांदा, हिरवी मिरची, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची पाने, मीठ, लिंबू घालून हाताने कालवा.

तेव्हापासून फळे धान साठवायच्या ढोलीत जात. मामा रोज सकाळी खांद्यापर्यंत हात घालून त्यांना दाबून येत. पिकली की चटणी परातीत कालवून दारोदार वाटत. "खाऊन तं पाहा." माझ्या आईने एकदा विचारलेच, "भाऊजी, याची चव कोनती म्हनावी?"

"चव मिरचीची. हे नुसतं थंड राहते."

स्वतः मात्र ते घासभरही खात नसत. का, म्हणून विचारले तर म्हणत, "माह्या दातात अडकते."

मी बी.ए. झालो त्या वर्षी शिपायाने फळांबरोबर बातमीही आणली. यशोदा पोळ्याला येणार होती. लग्नानंतर ती क्वचितच आली होती, आणि पलटण बंगलोरला गेल्यापासून तर एकदाही नाही. मामांची झोप उडाली. फळे नेमकी त्याच दिवशी पिकायला हवीत! ते तासातासाला ढोलीत हात घालू लागले. एक दिवस आईने फळ बाहेर काढून पाहिले, तर अंगभर अंगठ्याचे काळे डाग.

"भाऊजी, पिकायच्या आधी दाबून दाबून सडवान तुमी!"

मामांनी अंगठ्याला चिंधी बांधून घेतली.

पोळ्याच्या दुपारी टांगा थांबला. यशोदा उतरली, भरल्या अंगाची, केसांत एखाददुसरी पांढरी रेघ. आता मामा दंड दाबणार म्हणून मी बघत होतो. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

फळे पिकली होती. डाग तेवढे कापून टाकले, बाकीचे लोण्यासारखे. मामांनी चटणी कालवली, आईने तांदळाची भाकर दिली. यशोदेने घास घेतला.

"बाबा, मीठच नाही!"

ती हसत परात घेऊन आत मीठ घालायला गेली. मामा ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"बी.ए., तुले माहीत आहे का? हे झाडावर पिकतच नाही म्हने. कच्चंच तोडा लागते. मंग लोकाच्या घरी जाऊन पिकते." ते चिंधीची गाठ चाचपत राहिले. "यशी बाहुल्या खेळून राहिली होती, तवा म्या तिले देऊन टाकली. मायले इचारलं नाही, तिले तर नाहीच."

 

यशोदा परात घेऊन बाहेर आली. बोटांवर नुसत्या चटणीचा घास घेऊन तिने मामांच्या तोंडापुढे धरला.

"दातात अडकते, पोरी."

"अडकू द्या."

मामांनी घास घेतला आणि खाली बघत बराच वेळ चावत राहिले. त्या फळात चावण्यासारखे काही नसते.